आठ तासांच्या लेओव्हरमधले सव्वादोन तास

तिकिटावर ‘लेओव्हर ८ तास’, म्हणजे विमान बदलताना मधल्या शहरात तेवढा थांबा, दिसलं की पहिली हौस येते ती त्या शहरात काय काय बघता येईल ते शोधायची. त्याआधी कागद घ्या आणि वेळेचा हिशोब मांडा.

समजा विमान सकाळी १० ला उतरतंय आणि पुढचं संध्याकाळी ६ ला सुटतंय. १० ला फक्त चाकं टेकतात. विमान गेटला लागून मागच्या रांगेतला माणूस बाहेर पडेपर्यंत साडेदहा. इमिग्रेशनला तासभर धरा, साडेअकरा. बॅग ठेवून गाडीचं तिकीट काढेपर्यंत पावणेबारा. शहर ट्रेनने ४५ मिनिटांवर असेल तर साडेबाराला तुम्ही रस्त्यावर. आता शेवटाकडून मोजा. गेट विमान सुटायच्या १५-२० मिनिटं आधी बंद होतं, बोर्डिंग त्याच्याही बरंच आधी सुरू होतं. इमिग्रेशन, सिक्युरिटी आणि गेटपर्यंतची पायपीट धरून पावणेचारला विमानतळाच्या दारात हवं. परतीच्या ४५ मिनिटांना एक तास धरायचा, कारण स्टेशनवर पोचल्या पोचल्या गाडी मिळेलच असं नाही. म्हणजे पावणेतीनला शहर सोडायचं. हातात राहिले सव्वादोन तास.

एवढ्यात एक ठिकाण नीट बघून होतं. दोन ठिकाणं ठरवलीत की दोन्हीकडे घड्याळच बघत बसाल. लेओव्हर सहा तासांच्या आतला असेल तर बाहेर पडूच नये, असं आमचं मत. अपवाद अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोलसारख्या विमानतळांचा: तिथे रेल्वे स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे आणि मुख्य स्टेशन जेमतेम १५-२० मिनिटांवर. तिथे पाच तासांतही जमतं, पण इमिग्रेशनची रांग मध्ये येत नसेल तरच.

ही रांग कुठे लागते, हे मार्गावर ठरतं. शेंगेनबाहेरून (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) फ्रँकफर्टला येऊन पुढे रोमला जाणार असाल, तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. मग शहरात फिरून परतताना फक्त सिक्युरिटी उरते, पासपोर्टची रांग नाही. पॅरिसमार्गे शेंगेनबाहेरच्या लंडनला जात असाल तर मात्र पॅरिसला बाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागेल. तो सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच प्रवेश देणारा, असेल तर जातानाच्या चार तासांच्या भटकंतीत संपला. येताना त्याच पॅरिसमध्ये पुन्हा बाहेर पडता येणार नाही. अमेरिकेत तर आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही. नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन, कस्टम्स आणि चेक-इन केलेलं सामान उचलून पुन्हा देणं, हे सगळं सहसा करावं लागतं.

सामानाचं उत्तर बॅगेला लावलेल्या टॅगवर असतं आणि ते पहिल्या विमानतळावर, काउंटर सोडायच्या आधी वाचायचं. टॅगवर मोठ्या तीन अक्षरांत शेवटच्या मुक्कामाचा कोड छापलेला असतो. तिथे मधल्या शहराचा कोड दिसला, तर बॅग तिथल्या पट्ट्यावर येणार. ती उचला, परत चेक-इन करा, म्हणजे वरच्या हिशोबातून अजून तास-दीड तास वजा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर असं बहुधा होतंच. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी नसते. अशा वेळी शहर विसरा. आणि टॅग थेट शेवटचा असेल तर जाकीट, औषधं, चार्जर केबिन बॅगेत हवेत. विमानाच्या पोटातलं सामान मध्ये हाती लागत नाही.

ठिकाण निवडताना नावाच्या मागे धावू नका. नारिटा विमानतळापासून मध्य टोकियो सुमारे ६० किलोमीटर. पण ट्रेनने दहाएक मिनिटांवर नारिटा गावच आहे, तिथे इ.स. ९४० मध्ये स्थापन झालेलं नारितासान मंदिर आणि त्याकडे जाणारी जुन्या दुकानांची उतरती गल्ली. सहा-सात तासांत टोकियोचा हट्ट धरणाऱ्याला बहुतेक स्टेशनं दिसतात, नारिटात उतरणाऱ्याला निदान मंदिर दिसतं. वारही बघा: बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

काही ठिकाणी लेओव्हरवाल्यांसाठी फुकट सहली असतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या सहलीला किमान साडेपाच तास आणि २४ तासांपेक्षा कमी लेओव्हर लागतो. नोंदणी इमिग्रेशनच्या अलीकडे, ट्रान्झिट भागात. घाईघाईने आधीच बाहेर पडलात की गेली. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सची सहल ६ ते २४ तासांच्या लेओव्हरसाठी, ती त्यांच्याच प्रवाशांना, आणि तिचं काउंटर उलट इमिग्रेशनच्या पलीकडे, आगमन कक्षात. आणखी एक गोम: चांगीचा तो ४० मीटरचा धबधबा ज्या ज्युएल मॉलमध्ये आहे, तो ट्रान्झिटच्या बाहेर आहे. सिंगापुरात प्रवेशाची परवानगी नसेल तर तिथवर पोचता येत नाही.

परतताना हमखास अडतं ते बाटल्यांपाशी. शहरातून घेतलेलं सॉस, अत्तर, मध, १०० मिलीच्या वर काहीही असो, बऱ्याच विमानतळांवर सिक्युरिटीला बाहेर जातं. आधीच्या विमानतळावर ड्युटी-फ्रीमधून घेतलेली बाटली सीलबंद पारदर्शक पिशवीत, पावतीसकट असेल तर आतल्या आत विमान बदलताना सहसा चालते. पण तुम्ही मध्ये शहरात जाऊन आलात तर तिचा भरवसा धरू नका. तो बेत असेल तर खरेदी शेवटच्या विमानतळासाठी ठेवा.

फोनचं काम घरूनच उरकावं. विमानतळाचं वायफाय बऱ्याच ठिकाणी एसएमएसवर कोड पाठवतं आणि रोमिंग बंद असेल तर तो येतच नाही. पासपोर्ट स्कॅन करून कोड देणारं मशीन असतं का, ते माहिती काउंटरवर विचारा. नकाशा आधीच डाउनलोड करा, कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करून ठेवा. कार्ड मशीनने ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात’ असं विचारलं तर स्थानिक निवडा. आपल्या चलनाचा दर दुकानाकडची यंत्रणा लावते आणि तो सहसा महाग पडतो. बोर्डिंग पासवरची वेळ स्थानिक असते. एअरप्लेन मोडवरच राहिलेला फोन जुनीच वेळ दाखवत राहतो, म्हणून उतरल्यावर आधी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा.

बॅग क्लोकरूममध्ये ठेवलीत तर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास खिशात. आणि क्लोकरूम किती वाजता बंद होते ते पावती घेतानाच विचारा, कारण विमानतळ रात्रभर उघडा असला तरी ती असेलच असं नाही.