आधी गार, मग गरम: पाळणाघरातली आंघोळ

ठाणे-नवी मुंबईतल्या पाळणाघरांत आंघोळीचा विषय दोन कारणांनी निघतो. आईवडिलांना सकाळची ट्रेन गाठायची असते, त्यामुळे बरीच मुलं झोपेतून उचललेली तशीच येतात. आणि उन्हाळा ते ऑक्टोबर हवा इतकी दमट असते की दुपारची झोप झाली की उशी ओली आणि मानेवर घामोळं. तरीही लहान मुलाला रोज साबण लावून आंघोळ घालायलाच हवी असं नाही. तोंड, मान, काखा, जांघा आणि शी-शूची जागा स्वच्छ झाली तरी पुरतं. ज्या दिवशी एखादी ताई रजेवर असेल, त्या दिवशी ओल्या पंच्याने अंग पुसून घ्यावं. एकट्या मावशींनी सहा मुलांना घाईत आंघोळ घालण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

घरी आपल्याला सवय असते ती बादलीत कढत पाणी काढून त्यावर विसण घालायची. पाळणाघरात ही सवय मोडायलाच हवी. गरम पाणी काढल्यावर विसण घालेपर्यंत जो अर्धा मिनिट जातो, तेवढ्यात दोन वर्षांचं मूल बादलीत हात घालतं. 60 अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीसुद्धा साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची कातडी पातळ, ती त्याहून लवकर. म्हणून गिझर 50 च्या वर जाऊ देऊ नका, आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. नळाचं पाणी 27 अंश आणि गिझरचं 50 धरलं, तर 15 लिटरच्या बादलीत साडेआठ लिटर गार आणि साडेसहा लिटर गरम मिळून 37 अंश होतं. तेवढंच हवं. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी 22 पर्यंत उतरलं, तर सात लिटर गार आणि आठ लिटर गरम. बादलीवर मार्करने दोन रेघा मारून ठेवा, पण निव्वळ रेघांवर विसंबू नका. साठवणीच्या छोट्या गिझरमधून तिसऱ्या बादलीला कोमट पाणी येतं, मग गरमाचं माप वाढवलं जातं. मध्ये एखादं मूल रडलं, दहा-पंधरा मिनिटं गेली, की गिझर पुन्हा तापलेला असतो आणि वाढवलेलं माप तसंच राहतं. भाजण्याचा खरा धोका इथे आहे. म्हणून प्रत्येक बादली तळापर्यंत ढवळायची, कारण गरम पाणी वर तरंगतं, आणि मग थर्मामीटर घालायचा. तो नसेल तर कोपर बुडवून बघा. तळवा चालणार नाही. रोज भांडी-धुणं करून तो निबर झालेला असतो.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर तिथे मुलांना आंघोळ घालूच नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. मूल सुस्तावतं आणि कळतही नाही. तो बाथरूमबाहेर, हवेशीर जागी हवा. विजेचा गिझर पाणी काढून झाल्यावर बटण बंद करून मगच मुलाला आत घ्या. पाण्यात सोडायचा हीटर तर पाळणाघरात नकोच.

मूल आत येण्याआधी टॉवेल, कपडे, डायपर, साबण सगळं हाताशी हवं. एक जण आंघोळ घालणार, दुसरी बाहेर अंग पुसून कपडे घालणार. एका वेळी एकच मूल. टॉवेल राहिला म्हणून क्षणभरही बाहेर जायचं नाही. दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. बादलीत तोंड घातलेल्या मुलाचं डोकं जड असतं, त्याला स्वतःहून वर येता येत नाही. विसरलंच काही, तर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या.

तोंड आधी, साध्या पाण्याने. मग मान, कानामागे, काखा, पोट, पाठ, पाय. शी-शूची जागा शेवटी, मुलींची पुढून मागे. मुलग्यांची कातडी मागे ओढू नये. कानात काडी नको. केस आठवड्यातून दोनदा धुतले तरी चालतात, आणि ते अगदी शेवटी, म्हणजे ओल्या डोक्याने मूल कुडकुडत नाही. सगळं मिळून पाच ते सात मिनिटं.

साबण नखाएवढा पुरे. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी मऊ, फेस पटकन होतो आणि निघायला वेळ लागतो. घोडबंदर रोडला टँकरचं बोअरचं पाणी आलं की उलट: फेस होत नाही, म्हणून जास्त साबण चोळला जातो आणि मुलांची कातडी कोरडी, खाजरी होते. अशा दिवसांत साबण फक्त काखा-जांघांना लावावा आणि अंग पुसल्यावर लगेच खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. मात्र घामोळं असेल तिथे तेल नको, पावडरही नको. पावडर छातीत जाते, आणि घडीत साचून घाम अडवते. टिपून कोरडं करणं आणि सुती, सैल कपडा, हाच घामोळ्यावर उपाय.

प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, नावाचा, वेगळ्या खुंटीवर; दोन टॉवेल एकमेकांना टेकता कामा नयेत. खरूज, नायटा, पू असलेले फोड किंवा हाता-पायांवर आणि तोंडात फोड दिसले तर आंघोळ थांबवून आईला फोन करा. त्या दिवशीचा टब साबणाने धुऊन, लिटरभर पाण्याला 20 मिलि या मापाने पाच टक्क्यांचं ब्लीच घालून दहा मिनिटं तसाच ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा.

आंघोळीची परवानगी पालकांकडून लेखी घ्या आणि कोण घालणार तेही सांगा. आंघोळीच्या वेळी दार लोटलेलं, पण कडी न लावलेलं. बाथरूममध्ये मोबाइल नाही, कॅमेरा नाही. तीन वर्षांच्या मुलाला ‘आता पाठ चोळते हं’ असं सांगून मग हात लावावा, आणि शूची जागा त्याची त्यालाच धुवू द्यावी. सुरुवातीला नीट होत नाही. शेवटचा तांब्या आपण ओतायचा.

मूल बाहेर पडलं की बादली ओतून उपडी घालायची, तेल सांडलं असेल तिथे आधी साबणाचं पाणी टाकून फरशी खराट्याने घासायची, आणि कोरड्या फडक्याने पुसून झाल्यावरच पुढच्याला हाक मारायची.