दव सुकेपर्यंतचा रविवार

नोव्हेंबरातला शनिवार, संध्याकाळचे सात. मंडळीतल्या एका शेतकऱ्याचा फोन आला : "पास्टर, आभाळ आलं जी. नागपूर वेधशाळेचा येलो अलर्ट हाये. उद्या रविवार, वेचू काय?" यवतमाळकडची काळी जमीन, सहा एकर कापूस, दुसरा वेचा, बोंडं पार फुटलेली.

फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की रुई पिवळी पडते. ओल टिकली तर बोंडातच सरकीला कोंब येतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर पूर्ण हमीभाव मिळतो तो 8 टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढे भावात कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत. रविवारच्या विसाव्यावर बोलायला शहरातून वक्ते येतात. मोबाईल बंद ठेवा म्हणतात. पांढरी झालेली पराटी, म्हणजे उभी कपाशी, कशी बंद ठेवायची, ते कोणी सांगत नाही.

मला बायबलमधलं लूक 14 आठवलं. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या, दिवशीही काढतोच की. म्हटलं, वेचा.

उपासना दहाची साडेसातवर आणली. या दिवसांत नऊ-साडेनऊपर्यंत पराटीवर दव असतं. दवात वेचलेला कापूस गंजीत दाबला की आतून तापतो, त्याला डाग पडतात. म्हणजे ते दोन तास तसेही रिकामेच. उपासना बुडाली नाही, वेचणीही नाही. या युक्तीवर मी जरा खूशच होतो.

दहाला शेतात गेलो. 11 बाया ओट्या बांधून ओळींना लागल्या होत्या. मालक मात्र धुतलेला सदरा घालून बांधावर बसलेला, गीतांचं पुस्तक बाजूला. म्हणाला, "मी आज हात नाही लावत पास्टर. प्रभूचा दिवस हाये."

बायांमधली एक वयस्कर बाई ऐकत होती. ओटी गंजीवर रिकामी करत म्हणाली, "आमचा कोनता दिवस हाये मंग?" बुधवारी आठवडी बाजार, त्या दिवशी वेचणी बंद असते, असं मी म्हटलं. ती हसली. "त्या दिवशी चुकारा, मजुरीचे पैसे घ्याचे, बजार कराचा, धुनं, दळन, सरपन. बसाचं कवा?"

बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, 5:14 मध्ये, विसावा कोणाकोणाला याची यादीच आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आदल्या दिवशी हळद-तुपानं खांदे शेकतात. यादीतल्या बैलाची सोय गावानं कधीच केलीय. दासीची कोणी केली? आणि निर्गम 34:21 तर सरळच सांगतं, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी थांब. फोनवर मला बैल आठवला, हे आठवलं नाही.

पाऊस आलाच नाही.

मंगळवारी मी मालकाशी हिशेब मांडून बसलो. वेचणी किलोवर, म्हणजे रविवार बंद ठेवला तर मालकाचा माल सोमवारी वेचता येतो, पण बाईचा रोज गेला तो गेला. तिला उपाशी बसवून पाळलेल्या शब्बाथाला काय अर्थ? मी सुचवलं : शनिवारी माप दुपारी तीनलाच उरका, चुकारा तेव्हाच द्या म्हणजे त्यासाठी बाजाराची वाट पाहायला नको, आणि शनिवारच्या किलोला दर थोडा चढवा. निर्गम 16 मध्येही सहाव्या दिवशी मान्ना, देवानं रानात दिलेलं अन्न, दुप्पट होता.

"तो देवानं देल्ला जी," तो म्हणाला. "इथं मले द्या लागते. खत, फवारणी, वेचाई जाऊन माह्याजवळ काय उरते?"

त्याचा हिशेब मला खोडता आला नाही. मंडळीच्या कमिटीत विषय काढला, तर दानपेटीच्या कुलपावर पाऊण तास गेला आणि हा विषय पुढच्या बैठकीवर.

या रविवारी आभाळ निरभ्र होतं. मला फोन आला नाही. उपासना नेहमीप्रमाणे दहाला, तो पुढच्या ओळीत, आवाज खणखणीत. परतताना त्याच्या शेतावरून गेलो. पराटीत 9 बाया होत्या.