फणसाचे ठोकळे

गोव्यात खेळण्यांची खरी परीक्षा घेतो तो पावसाळा. जूनमध्ये लागला की घरात सगळंच ओलं, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी, बॅटरीवाल्या गाडीच्या स्प्रिंगला गंज, आणि गणपतीची चवथ येईपर्यंत ती गाडी नुसती शोभेची. लाकडी ठोकळे तेवढे जरा फुगतात, कधी कधी बुरशीपण धरतात, पण ऊन पडलं की अंगणात टाकायचे, फडक्याने पुसायचे, झालं. मुळात बिघडण्यासारखं काही आत नाहीच, तर बिघडणार काय?

आमच्याकडचे ठोकळे फोंड्याकडच्या एका मेस्ताने, म्हणजे सुताराने, करून दिले. कुणाच्या तरी दारांच्या चौकटी चालल्या होत्या, त्यातले उरलेले तुकडे. साग थोडा, फणस जास्त, आणि दोन-तीन मत्तीचे, म्हणजे ऐनाचे, जे पायावर पडले तर मोठा माणूसपण ओरडेल. फणस ताजा कापला की पिवळाधमक दिसतो, मग हळूहळू तपकिरी होत जातो, त्यामुळे रंग द्यायची गरजच वाटली नाही. मेस्त म्हणाला, तुकडेच तर आहेत, पिशवीत भरून घेऊन जा की. मी म्हटलं तसं नको, मापात कापून द्या आणि कोपरे घासून द्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की बाईला दुसरा उद्योग नाही. पण कापून दिले, आणि कोपऱ्यांवर पॉलिश पेपर असा फिरवला की आता गालावर घासले तरी टोचत नाहीत.

हे मापाचं खूळ कॅरोलाइन प्रॅटचं. न्यूयॉर्कची शिक्षिका, 1914 मध्ये स्वतःची शाळा काढली, आणि तिचा ठोकळा म्हणजे साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि जाडी त्याच्या निम्मी. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी, बस एवढंच. पण त्यामुळे होतं काय, की दोन आखूड ठोकळे टोकाला टोक लावून ठेवले की बरोब्बर एका लांबाएवढे होतात, आणि अपूर्णांक हा शब्द न ऐकलेलं पोर भिंतीतली फट बघून नेमका अर्धाच ठोकळा शोधायला लागतं. तिच्या आधी जर्मनीत बालवाडीचा जनक फ्रोबेल, त्याने दोन इंचाचा घन कापून आठ लहान घन मुलांच्या हातात दिले होतेच. अमेरिकेचा नामांकित वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट लहानपणी असल्याच ठोकळ्यांशी खेळला, ही गोष्ट खेळणी विकणारे फार चवीने सांगतात. अहो, खेळली हजारो पोरं, राइट एकच झाला!

माझा भाचा सध्या फक्त फेरीबोट बांधतो. मांडवी नदीतली, रायबंदर ते चोडण. लांब ठोकळे आडवे टाकले की फेरी, पुढे एक पातळ फळी तिरकी लावली की रॅम्प, बारके तुकडे म्हणजे स्कूटर. रॅम्प टेकायच्या आधीच सगळ्या स्कूटर पुढे सरकवतो, मागून तोंडाने हॉर्न, म्हणजे बारकाईने बघितलेलं आहे हो त्याने. परवा मी तिथून चालले तर ओरडला, "मावशी, पाय काढ, पाणी आहे तिथे!" मी मुकाट्याने मांडवीतून पाय काढला.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं मला फार आवडतात, पण ती घरात आली की शोकेसमध्ये जातात, कारण आंबा तो आंबाच, त्याची फेरी होत नाही. लेगोवाल्यांचं मूळही सुतारकामातच, डेन्मार्कच्या एका सुताराने लाकडी खेळण्यांवर धंदा उभा केला, 1960 च्या आगीनंतर लाकूड बंद झालं. लेगोशी माझं भांडण नाही. फक्त खोक्यावर तयार चित्र असलं की आमचा भाचा तेवढंच बांधतो आणि मग विचारतो, आता काय?

आणि ऑनलाइन त्या फिकट गुलाबी-राखाडी रंगांच्या लाकडी सेटच्या किमती बघून तर मला घामच फुटतो. ओळखीचा मेस्त असेल तर आधी त्याला विचारा. आमच्याकडे तर मोठ्यांनीच त्यातले ढापायला सुरुवात केलीय, एक मत्तीचा सध्या डुगडुगणाऱ्या जेवणाच्या टेबलाखाली आहे, भाचा फेरीला इंजिन पाहिजे म्हणून रोज मागतो आणि त्याचे आजोबा काही देत नाहीत.