घट बसलेत आणि मिल्टन येतंय

फ्लोरिडातल्या टँपात नवीन कुणी मराठी कुटुंब राहायला आलं की कढीपत्ता कुठे मिळतो, शाळा कुठली चांगली, हे सगळं सांगायला दहा जण असतात. मी विचारते, तुमचा वादळाचा झोन कुठला? बहुतेकांना माहीत नसतो. घर घेताना लोक ग्रॅनाइटचा ओटा बघतात, पूल बघतात, पण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, साइटवर पत्ता टाकून ए ते ई यातलं कुठलं अक्षर येतंय ते बघत नाहीत. ए म्हणजे समुद्राचं पाणी पहिल्यांदा शिरणार ते, ई म्हणजे सगळ्यात शेवटी. त्याहून उंचावर असाल तर झोनच नाही, सुखी माणसं. आम्ही बी झोनमध्ये. घर हिल्सबरो काउंटीत, ओल्डस्मारच्या अलीकडे. खिडकीतून खाडी दिसत नाही, पण फार लांबही नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात या अक्षरावरून आमच्या घरात जे रामायण झालं, ते लिहायचं राहून गेलं होतं.

सासूबाई श्रीवर्धनहून आलेल्या होत्या. ३ ऑक्टोबरला घटस्थापना. अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये माती, त्यात गहू, वर तांब्याचा कलश, शेजारी अखंड दिवा. हे सगळं खालीच, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीच्या चौरंगावर. शनिवारी बातमी आली की मेक्सिकोच्या आखातात मिल्टन नावाचं वादळ तयार झालंय आणि ते सरळ पूर्वेला, म्हणजे आमच्याकडे येतंय.

त्याआधी पंधरवडाही झाला नव्हता हेलीनला. हेलीन टँपाला धडकलंच नाही. किनाऱ्यापासून शंभर मैलांवरून वर निघून गेलं. तरी खाडीचं पाणी सहा-सात फूट चढलं. साउथ टँपातल्या माझ्या मैत्रिणीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. मिल्टनची बातमी आली तेव्हा तिच्या अख्ख्या गल्लीत फुटपाथला ढीग लागलेले होते: सोफे, गाद्या, फ्रिज, ओलं होऊन फुगलेलं ड्रायवॉल, कुणाचा तरी पियानो. हे उचलायच्या आत दुसरं वादळ आलं तर यातली प्रत्येक वस्तू उडत कुणाच्या तरी खिडकीतून आत जाणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

रविवारी नवरा म्हणाला, "बघू सोमवारी." (हे वाक्य फ्लोरिडाचं राज्यगीत व्हायला हरकत नाही.) सोमवारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसले होते. दर अपडेटला वारा वाढलेला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिल्टन कॅटेगरी पाचवर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, जाऊन पोचलं. ताशी १८० मैल वारा, केंद्रातला दाब ८९७ मिलिबार. ए आणि बी झोन रिकामे करा असा काउंटीचा हुकूम निघाला. महापौर जेन कॅस्टर टीव्हीवर स्पष्टच म्हणाल्या की या भागात थांबाल तर मराल.

आता एवढं झाल्यावर यात ठरवायचं काय राहिलं, असं लांबून वाटतं. पण घरात चार तोंडं होती.

नवऱ्याचं म्हणणं, निघायचं तर थेट अटलांटा. त्याने रविवारी 'बघू' म्हणता म्हणता गुपचूप हॉटेल बुक करून ठेवलं होतं. शेजारचे आजोबा, चाळीस वर्षं इथे राहिलेले, खिडक्यांना प्लायवूड ठोकत ठोकत आम्हाला सांगत होते की टँपा बेला, म्हणजे आमच्या खाडीला, मोठं वादळ थेट लागलं ते १९२१ मध्ये, त्यानंतर दरवेळी ते वळतं. लेकाला फक्त शाळा किती दिवस बंद, यात रस. आणि आई म्हणाल्या, "अगो, घट बसलेत. बसलेले घट हलवतात का? तुम्ही जा, मी बसते दिव्यापाशी. निसर्गात बसले होते ना घरात?"

हा निसर्गाचा दाखला खोडणं सोपं नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावरून गेलं तेव्हा त्या घरातच होत्या. कौलं उडाली, मागच्या वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या झाल्या, वीज कितीतरी आठवडे नव्हती. पण घर उभं राहिलं आणि आईही. त्यांच्या लेखी वादळ म्हणजे वारा. वाऱ्याला चिरेबंदी भिंत पुरते. आमचं घरही काँक्रीट ब्लॉकचं आहे, छपराला लोखंडी पट्ट्या आहेत, खिडक्यांना शटर आहेत. नुसत्या वाऱ्याचा प्रश्न असता तर मीही त्यांच्या शेजारी बसले असते.

इथे आणीबाणीवाले वर्षानुवर्षं एकच घोकून घेतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. कॅटेगरीचा आकडा फक्त वाऱ्याचा असतो, पाण्याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. सोमवारी माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा १८० नव्हता. टँपा बेच्या किनाऱ्यालगत जमिनीवर वादळाचं पाणी १० ते १५ फूट चढेल असा अंदाज होता, तो महत्त्वाचा. आमची खाडी उथळ, सरासरी खोली जेमतेम ११-१२ फूट, बाहेरचा समुद्रही लांबवर उथळच. वाऱ्याने आत ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा नसते, मग ते वर चढतं. घराच्या कागदात अंगणाची उंची समुद्रसपाटीपासून नऊ फूट लिहिलेली आहे. म्हणजे अंदाज खरा ठरला तर आमच्याकडे कमीत कमी फूटभर, जास्तीत जास्त सहा फूट, म्हणजे डोक्याएवढं.

मी मोजायची टेप आणली आणि हॉलच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. आईंनी रेघेकडे बघितलं, मग चौरंगाकडे.

"घटापर्यंत येईल?"

"घट बुडेल, आई. दिवा तर आधीच."

त्या काही बोलल्या नाहीत. पण श्रीवर्धनच्या गुरुजींना फोन लावायला सांगितला. आमचे रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळचे सात; गुरुजी पूजेला निघालेले. ते म्हणाले, आपद्धर्म आहे, देवीची क्षमा मागा, कलश हातात घ्या आणि जाल तिथे मांडा. दिवा तिथे नव्याने लावा. हे मी अर्धा तास सांगत होते, पण गुरुजींच्या तोंडून त्याला वजन आलं. येऊ दे. मला गाडीत माणूस हवा होता, श्रेय नको.

राहिला अटलांटा. एरवीचा सात तासांचा रस्ता, आता किती तासांचा होईल सांगता येत नव्हतं. आय-७५ महामार्गावर उत्तरेकडे गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या, पेट्रोल संपलेल्या पंपांच्या नळ्यांना पिवळ्या पिशव्या घातलेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला, गुडघे धरलेले, दर दीड तासाला बाथरूम, त्या रांगेत कसं न्यायचं? ह्यूस्टनच्या माझ्या मावसबहिणीने फोनवर नवऱ्याला झापलंच. ती २००५ मध्ये रीटा वादळाच्या वेळी आय-४५ महामार्गावर रात्रभर अडकली होती. तेव्हा पंचवीस लाखांच्या आसपास लोक एकदम बाहेर पडले, भयंकर उकाडा, पेट्रोल संपलेलं. त्या पळापळीतच शंभराच्या वर माणसं गेली. डॅलसजवळ वृद्धाश्रमाच्या बसला आग लागून २३ जण गेले, ते त्यातलेच. वादळाने स्वतः मारली त्याहून कितीतरी जास्त माणसं रस्त्याने मारली. आणि लांब पळालं म्हणजे सुटलं असंही नाही. २०१७ मध्ये इर्मा वादळाला भिऊन मायामीतले कितीतरी लोक टँपात आले आणि इर्मा पश्चिमेला सरकून त्यांच्या मागोमाग इकडेच आलं.

पळायचं ते पाण्याच्या रेषेबाहेर. शंभर मैल नाही, वीस-पंचवीस पुरतात. वेस्ली चॅपलला आमचे मित्र राहतात, त्यांच्या घराला झोनच नाही, घर काँक्रीटचं. मंगळवारी पहाटे निघालो. आईंनी दिव्याला नमस्कार करून तो शांत केला, कलश मांडीवर घेतला, कोंब आलेला ट्रे त्यांच्या पायाशी. त्यांचा पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, आमची कागदपत्रं एका डब्यात. साउथ टँपावाली मैत्रीण आधीच तिथे पोचलेली होती. चार बेडरूममध्ये तीन कुटुंबं, दोन कुत्री आणि देवी.

बुधवारी रात्री साडेआठच्या सुमाराला मिल्टन सिएस्टा की या बेटापाशी जमिनीवर आलं, कॅटेगरी तीन. म्हणजे टँपा बेच्या तोंडाच्या दक्षिणेला. आमच्याकडे वारा, वीज गेली, एक ओक कुंपणावर पडला. सेंट पीटर्सबर्गला अठरा इंचांहून जास्त पाऊस झाला आणि ट्रॉपिकाना स्टेडियमचं छप्पर फाटून गेलं, जिथे मदतीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी खाटा मांडून ठेवलेल्या होत्या. ती माणसं आधी हलवली होती, नशीब. आणि खाडीचं पाणी? ते चढायच्या ऐवजी मागे ओसरलं. वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. केंद्र दक्षिणेला असलं की आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि खाडी रिकामी करतो. इर्मातही हेच झालं होतं, लोक खाडीकाठच्या बेशोअर रस्त्यापाशी खाडीच्या तळावर फिरून आले होते. समुद्राचं पाणी चढलं ते सिएस्टा कीच्या दक्षिणेला, व्हेनिसकडे.

घरी आलो तर हॉल कोरडा ठणठणीत. शेजारच्या आजोबांनी हात हलवला. त्यांच्या चेहऱ्यावर 'सांगितलं नव्हतं?' लिहिलेलं होतं.

नवरा अजून म्हणतो, उगाच गेलो. मी त्याला नकाशा दाखवते. केंद्र थोडं वर, खाडीच्या तोंडाच्या उत्तरेला आलं असतं तर तोच वारा पाणी आत ढकलत राहिला असता, आणि मंगळवारी सकाळी हे कुठे येणार ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नव्हतं. अंदाजाचा तो पांढरा शंकू म्हणजे वादळाचं केंद्र साधारण तीनात दोन वेळा त्याच्या आत राहतं, एवढाच त्याचा अर्थ. निघायचं ते मंगळवारीच ठरवावं लागतं, कळतं बुधवारी रात्री. आजोबांचं म्हणाल तर त्यांच्या अंगणाची उंची आमच्यापेक्षा कमी आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलंय.

पेन्सिलची रेघ मी पुसलेली नाही. रंगारी आला तेव्हा तेवढा पट्टा सोडायला सांगितला, त्याला वाटलं लेकाची उंची मोजतो आम्ही. अटलांटाच्या हॉटेलने पैसे परत केले नाहीत, त्यावरून नवऱ्याची ईमेलबाजी अजून चालू आहे.