आईचे पाचपैकी पाच

आईला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे, बोटांच्या लहान सांध्यांना धरणारा, रुमॅटॉइड. आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढे. या रोगाचे डॉक्टर शहरात. म्हणजे पहाटेची कदंबा, म्हणजे सरकारी बस, साखळीला बस बदलायची, पुढे पणजी, तिथून परत दुसरी बस. पाच-दहा मिनिटांच्या तपासणीसाठी अख्खा दिवस जायचा.

पण दिवस जाण्यापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे ती पहाट. या आजारात सांधे सकाळी सगळ्यात जास्त ताठ असतात. उठल्यावर तास-दीड तास आईची मूठ मिटत नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला की ती गरम उंडो, म्हणजे कडक कवचाचा गोल पाव, हातात घेऊन बसते, पण तो तोडता येत नाही. तसाच चहात बुडवून खाते. अशा बाईला आम्ही सहाच्या बसमध्ये उभी करत होतो. दांडी बोटांनी धरता येईना, म्हणून ती कोपर अडकवून उभी राहायची आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला डोळे मिटून घ्यायची.

त्यामुळे चौथ्या खेपेला काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पुढच्या वेळी फोनवर चालेल, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा," तेव्हा आईने तिथल्या तिथे हात जोडले.

मी आपला संशयी. फोनवर औषध लिहून देणं कायद्यात बसतं का, हे आधी पाहिलं. बसतं. केंद्र सरकारने मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत साधा फोनही धरलेला आहे. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवलेलं असेल तर फोनवरचं बोलणं 'फॉलो-अप' मानतात. सहा महिने उलटले की ते पुन्हा पहिली भेट धरलं जातं. गुंगीच्या वगैरे काही औषधांची चिठ्ठी मात्र अशी मिळत नाही. ते सहा महिने मी कॅलेंडरवर मांडून ठेवले, पुढे उपयोगी पडले.

पहिला फोन जूनमधला. पाऊस असला की आमच्याकडे रेंज फक्त तुळशीपाशी, म्हणून छत्री धरून अंगणात उभे. डॉक्टर मूळचे कोल्हापूरकडचे, बोलायला मोकळे. आईला मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्यांनी विचारलं, "ती गोळी कधी घेता, तुम्हीच सांगा."

आई म्हणाली, "बिरेस्तारा."

"विस्तार? कसला विस्तार?"

आई आणखी मोठ्याने, "बिरेस्तार, दोतोर! बुधवार जाल्यार फाल्यां!"

मी मध्ये पडून गुरुवार म्हटलं. पलीकडे आधी शांतता, मग हसू. पण त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. बाकीच्या दिवशी काय घेता, तेही आईकडूनच वदवून घेतलं. सोबतच्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीचे वार तिने बरोबर सांगितले. प्रत्यक्ष भेटीत कागद हातात देऊन मोकळे झाले असते. फोनवर तिला तोंडाने म्हणावं लागलं. आमच्या अनुभवात फोन इथे चक्क सरस ठरला. सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन हे रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडेही त्यांनी स्क्रीनवर शांतपणे पाहिले. त्यासाठी आई समोर असायची गरजच नव्हती.

सांध्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच. सूज बोटांनी दाबून कळते, आणि दाबणारं बोट फोनमधून येत नाही. डॉक्टरांनीच तोडगा सांगितला: सकाळी उठल्या उठल्या हातांचे दोन फोटो काढा, एक पंजा पसरून, एक जमेल तेवढी मूठ आवळून. खिडकीजवळ, पांढऱ्या टॉवेलवर. पसरलेल्या पंजाचा फोटो मला नेहमी सारखाच दिसायचा. मुठीचा मात्र बोलायचा. एका महिन्यात मधलं बोट तळहाताला टेकायचं, दुसऱ्या महिन्यात अधांतरी राहायचं.

मग आली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. फोनची तारीख नेमकी आदल्या आठवड्यात पडली होती. घरात गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान गोळा होत होतं, करंज्यांसाठी आईला स्वतः नारळ खवायचे होते. त्या दिवशी तिने फोटो काढू दिले नाहीत. "हात ओले आहेत," म्हणाली.

"सकाळचा ताठरपणा किती वेळ?"

"ना, आता बरें आसा."

"तोंड आलंय का? या गोळीने येऊ शकतं. जखमा, फोड?"

"ना, ना."

तीन मिनिटांत फोन संपला. डॉक्टर खूश, आई त्याहून. मी तिच्याकडे पाहत होतो. तीन दिवस ती आमटीतलं तिखट बाजूला काढून जेवत होती, हे मला दिसत होतं. तरी मी गप्प बसलो. खरं सांगितलं तर ते बोलावून घेतील आणि चवथ इस्पितळाच्या बाकावर जाईल, ही तिची भीती. माझीही होती, कशाला नाकारू?

त्याच संध्याकाळी मोबाइलवर इस्पितळाचा संदेश आला. फोनवरच्या सल्ल्याला एक ते पाच गुण द्या. वेळेवर फोन आला का, आवाज नीट होता का, डॉक्टरांनी समजावून सांगितलं का. आईने सगळीकडे पाच दिले. खोटं काहीच नव्हतं. फोन वेळेवर आला होता, आवाज स्वच्छ होता, डॉक्टर गोड बोलले होते, आणि बसचा प्रवास टळला होता. तुमचं काही सांगायचं राहिलं का, हा प्रश्न त्या यादीत नव्हता. असता तरी तिने "ना" म्हटलं असतं म्हणा.

विसर्जनानंतर उजवा गुडघा नारळासारखा झाला. सहा महिनेही भरत आलेच होते, म्हणून थेट गेलो. या वेळी शेजाऱ्यांची गाडी भाड्याने घेतली आणि उशिराची वेळ मागितली. डॉक्टरांनी एकेक बोटाचं पेर दाबलं. चौथ्या पेराला आईच्या कपाळावर आठी आली. मग टॉर्च घेऊन त्यांनी तोंड उघडायला लावलं, गालाच्या आतून पाहिलं, आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. आईने पदर ओठांवर धरला होता. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत त्या आठवड्याची गोळी बंद ठेवली.

त्यांनी रागावायला हवं होतं, असं मला वाटलं. पण त्यांनी एवढंच सांगितलं की यापुढे फोनच्या आदल्या संध्याकाळी मी वेगळा संदेश पाठवायचा: आईला सकाळी काय जमलं, काय नाही. जखमा आहेत की नाहीत, हे तिला न विचारता, बघून लिहायचं. फोन चालू ठेवायचा, पण दर तिसऱ्या वेळी हात दाखवायला यायचं.

आता तसंच चाललंय. परवाच्या संदेशात मी लिहिलं: "उंडो तोडला. अर्धा." फोनवर डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, अर्धाच का? आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तुळशीच्या पलीकडे सरकलो. मग सावकाश, बऱ्याच वेळाने, तिने डाव्या अंगठ्याचं दुखणं सांगितलं. शेवटी तिकडून आवाज आला, "बिरेस्ताराची गोळी चुकवू नका." संध्याकाळी गुणांचा संदेश आला. आईने पुन्हा पाचच दिले.