अरण्यातल्या योहानाकडे

पवित्र भूमीच्या यात्रेत बेथलेहेम, गालील, कफर्णहूम बसनंच उरकलं. पायी चाललो ते यरुशलेमजवळच्या एन केरेममध्ये, 24 जूनला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माच्या सणाला. जन्मगुहेतल्या संगमरवरावर 'इथे प्रभूचा अग्रदूत जन्मला' असं लॅटिनमध्ये कोरलंय. तिथं डोकं टेकवलं आणि अरण्यातल्या योहानाच्या मठाकडे निघालो. अंतर थोडकंच, पण ऊन भाजून काढणारं. मंडळीतले एक काका सगळ्यांच्या पुढे, आणि दर चार पावलांवर, "दगड आहे, सांभाळा!" मला योहानाच्या बापाचं, जखऱ्याचं स्तोत्र म्हणायचं होतं. देवा क्षमा कर, त्यांनाच ठेच लागावी असं वाटलं.

टाचेवरचा फोड फुटला तशी मी बाकावर बसले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पाय सोलवटला गं?"

मराठी! अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, तरुणपणी इकडे आलेल्या. पिशवीतून खोबरेल काढलं, मी नको नको म्हणतेय तोवर माझी टाच मांडीवर घेतली. धुळीनं भरलेली. लाजेनं मेले मी.

"कुणाकडे निघालात?"

योहानाचं सांगितलं. प्रभूच्या दिवसाआधी एलीया संदेष्टा पुन्हा येईल असं मलाखी संदेष्ट्यानं म्हटलं होतं. येशू म्हणाला, तो एलीया हाच.

आजी हसल्या. "आमचा एलियाहू हन्नाबी यायचाय अजून. नातवाच्या लग्नात त्याच्या नावानं मलिदा केला, पोहे-खोबऱ्याचा. तुमचा आला, मग त्याचं काय झालं?"

"हेरोद राजानं मुंडकं उडवलं."

"अगं बाई!" जणू काल घडलं.

पुढची चढण मी तेच घोळवत होते. यार्देन नदीकाठी येशूला पाहून 'हा पाहा देवाचा कोकरा' म्हणून योहानानं आपले शिष्यसुद्धा त्याच्यामागे जाऊ दिले. आणि तुरुंगात पडल्यावर निरोप धाडला: जो येणारा तो आपणच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? उपदेशात हे वाक्य घाईनं उरकतात. मला योहान तिथंच जवळचा वाटतो. उत्तर आलं, आंधळे पाहतात, पांगळे चालतात. त्याची बेडी मात्र तशीच. ज्याच्यासाठी वाट नीट केली त्याचा वधस्तंभ त्यानं पाहिला नाही, रिकामी कबरही नाही.

मठात मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. आजींचं नाव विचारलंच नव्हतं. "मलिदा करणाऱ्या आजींसाठी," मी म्हटलं, "आणि ज्याची त्या वाट पाहतात त्याच्यासाठी." काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.