वेब्ली मार्क ६: न कापलेला सिलेंडर, मऊ शिसं आणि १५ यार्ड

हिवाळ्यापासून जिच्यावर काम चालू होतं ती वेब्ली मार्क ६ आता १५ यार्डांवर सहाही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत ठेवते. दोन्ही हातांची पकड, घोडा (काडतुसावर टोला मारणारा मागचा भाग) अंगठ्याने मागे ओढलेला, प्रत्येक गोळीला पूर्ण वेळ. १९१७ साली तयार झालेल्या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरकडून मला याहून जास्त नको आहे. इथपर्यंत कसा पोचलो ते लिहितो, कारण अमेरिकेत वेब्ली शोधणाऱ्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी सिलेंडर. इथल्या बाजारात दिसणाऱ्या बहुतेक मार्क ६ कापलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने या रिव्हॉल्व्हर जुन्या मालात काढल्या, त्या ढिगाने अमेरिकेत आल्या, आणि इथे त्यांची मूळ .४५५ची काडतुसं मिळेनात. म्हणून आयात करणाऱ्यांनी सिलेंडरची मागची बाजू थोडी तासली, म्हणजे .४५ एसीपी या अमेरिकी पिस्तुलाची काडतुसं अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये अडकवून त्यात बसतील. विकायला सोय झाली, पण इतिहासाचा तुकडा कायमचा गेला. त्याहून वाईट म्हणजे दाब. .४५ एसीपीची कमाल मर्यादा आहे प्रति चौरस इंच २१,००० पौंड. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने (बंदुकांची ताकद तपासणाऱ्या संस्थेने) नंतर तपासून शिक्के मारलेल्या काही वेब्लींवर ‘६ टन’ असं कोरलेलं सापडतं. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, म्हणजे साधारण १३,४४० पौंड. दाब मोजण्याच्या दोन्हीकडच्या पद्धती वेगळ्या आहेत हे खरं, तरी एवढं अंतर कुठल्याही पद्धतीने भरून निघत नाही. कापलेल्या वेब्लीत कारखान्याचं पूर्ण ताकदीचं .४५ घालणारे लोक मला रेंजवर भेटतात आणि मी प्रत्येकाला थांबवून हे सांगतो. तशी वेब्ली तुमच्याकडे असेल तर तिला फेकू नका. .४५ ऑटो रिमच्या, म्हणजे बुडाला कड असलेल्या पुंगळ्या घ्या, शिशाची गोळी वापरा आणि भरणा हलका ठेवा.

न कापलेली मिळेपर्यंत मी थांबलो. ती तलसाच्या वॅननमाकर शोमध्ये मिळाली. एप्रिल आणि नोव्हेंबरमधला तो शो पाहिला नसेल तर एकदा जाच, चार हजारांच्या वर टेबलं एका छताखाली असतात. आणि जुन्या हत्यारांत रस असेल तर क्युरिओ अँड रेलिक परवाना जरूर काढा. ३ वर्षांचे ३० डॉलर, ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली शस्त्रं थेट तुमच्या पत्त्यावर मागवता येतात. बदल्यात आवक-जावक बांधीव नोंदवहीत लिहावी लागते. मला ही वही ओझं वाटत नाही, संग्रहाचा कणाच वाटते.

आता गोळी. वेब्लीच्या नळीत उजवीकडे वळणारे सात आटे (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) आहेत, आणि सिलेंडरच्या छिद्रांचं पुढचं तोंड मात्र नळीपेक्षा अरुंद असतं. मापलं तेव्हा माझ्याही रिव्हॉल्व्हरमध्ये तसंच निघालं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा कारखान्याचा दोष वाटेल. पण सैन्याची मूळ २६५ ग्रेनची गोळी मऊ शिशाची होती आणि बुडाशी खोलगट होती. बार उडाला की वायू त्या खळग्यात शिरून गोळीचा घेर फुगवतो आणि गोळी आटे धरते. म्हणजे अरुंद तोंडातून निघालेली गोळी नळीत शिरताना मोठी होते! हे कळल्यावर कडक मिश्रधातूच्या, सपाट बुडाच्या गोळ्या तिरक्या का जातात याचं कोडं सुटलं. फियोकीच्या तयार काडतुसांनी सुरुवात केली, ती ठीक चालली. खरा फरक पडला तो खोलगट बुडाची मऊ गोळी स्वतः भरायला लागल्यावर. त्याआधी गोळ्यांचा घोळका हाताच्या वितीएवढा पसरत होता.

माशीबद्दल, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेबद्दल, एक. मार्क ६ची माशी एका स्क्रूवर बसवलेली सुटी पात असते. माझ्या गोळ्या नेमापेक्षा खाली लागत होत्या, तेव्हा पात घासणं हाच उपाय. मूळ पात मात्र घासू नका. मी नवी पात बनवून घेतली, ती थोडी थोडी घासत नेम जुळवला आणि १९१७ची पात पाकिटात घालून, वर क्रमांक लिहून ठेवली. नेमबाज आणि संग्राहक यांचं भांडण असं मिटवता येतं.

ज्यांनी वेब्ली कधी उडवली नाही त्यांना हिची गोडी नुसत्या फोटोवरून कळणार नाही. साधारण १.१ किलो वजन, ६ इंची नळी, सेकंदाला सहाशे-साडेसहाशे फूट वेगाने जाणारी जड गोळी. हाताला दणका बसत नाही, कुणीतरी मनगट सावकाश वर ढकलल्यासारखं होतं. मग अंगठ्याने खटका दाबायचा, नळी पुढे मोडायची, आणि सिलेंडरमधला ताऱ्याच्या आकाराचा भाग वर येऊन सहाही पुंगळ्या एकदम बाहेर टाकतो. ही मोडण्याची रचना मला आजही कुठल्याही बाजूला उघडणाऱ्या सिलेंडरपेक्षा उजवी वाटते. चिखलात, हातमोजे घालून, अंधारात काम करणाऱ्या माणसाचा विचार करून ती बनवली आहे, आणि चाळीस-पन्नास गोळ्या मारल्यावर तो विचार बोटांना समजतो. म्हणूनच माझा आग्रह आहे: तपासून घेतलेली, धडधाकट जुनी रिव्हॉल्व्हर तिजोरीत नुसती ठेवू नका. तिच्या जातीचा भरणा करा आणि उडवा. कॅटलॉग वाचून मिळते ती माहिती, चाप ओढून मिळते ती ओळख.

चापावर अजून काम बाकी आहे. घोडा आधी ओढला तर चाप स्वच्छ सुटतो. नुसत्या चापाने घोडा उचलून मारायचं म्हटलं की लांब, जड ओढ लागते आणि माझा घोळका दुपटीने पसरतो. घरी डमी काडतुसं घालून सराव करतो. डमीशिवाय घोडा पाडत नाही, कारण टोला मारणारी सुई घोड्यालाच जोडलेली आहे आणि शंभर वर्षांचं पोलाद तुटलं तर बदली सहज मिळत नाही. व्ही आकाराच्या मुख्य स्प्रिंगला तासून चाप हलका करण्याचा सल्ला मिळतो, तो मी मानणार नाही. चाप जड आहे, बोटानेच तयार व्हायचं.

शिक्क्यांचं वाचन हा या नोंदीतला माझा सगळ्यात आवडता भाग. रुंद बाण म्हणजे सरकारी मालकी. दोन बाण टोकाला टोक लावून असले की सेवेतून रीतसर काढून विकलेली. मार्क ६ स्वीकारली गेली मे १९१५मध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कुत-अल-अमारा वेढलं गेलं आणि आत अडकलेल्या ६व्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. माझी रिव्हॉल्व्हर त्यानंतरची, तिचा त्या वेढ्याशी संबंध नाही. पण मेसोपोटेमियाच्या त्या लढाईबद्दल वाचत गेलो म्हणूनच कोल्ट किंवा लुगर सोडून वेब्लीकडे वळलो. त्या पलटणींच्या अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला वेब्ली असायच्या. खडकीच्या कारखान्याचे ‘के एफ’ शिक्के असलेली .३०३ काडतुसं इथल्या शोमध्ये दिसली की तीही एखाददुसरी घेतो, फक्त मांडून ठेवायला.

पुन्हा निळी झिलई चढवलेली वेब्ली मला कुणी निम्म्या किमतीत दिली तरी नको. पॉलिश करताना शिक्क्यांच्या कडा बोथट होतात, आणि कडा गेल्या की वाचायचं काय? म्यानाने झिजवलेली खरी राखाडी कितीतरी चांगली.

पुण्याचे मित्र विचारतात की आपल्याकडे असा छंद जमेल का. .४५५ आणि .३८ हे दोन्ही बोअर (नळीची मापं) भारतात प्रतिबंधित वर्गात येतात. म्हणून सामान्य परवानाधारकासाठी कानपूरला .३२ची रिव्हॉल्व्हर बनते, आणि तिची रचना सरळ वेब्लीच्या .३८ मार्क ४वरून घेतलेली आहे. तिला जवळून बघा, खटका आणि तारा तोच आहे. ब्रिटनमध्ये परिस्थिती आणखी विचित्र. १९९७च्या कायद्यांनी हँडगनवर बंदी आली. ऐतिहासिक महत्त्वाच्या रिव्हॉल्व्हर त्यातल्या कलम ७ खाली बिझलीच्या रेंजसारख्या नेमलेल्या ठिकाणी ठेवून तिथेच उडवता येतात. बर्मिंगहॅमला जन्मलेली ही रिव्हॉल्व्हर तिच्याच देशात घरून रेंजवर नेता येत नाही. इथे आपल्याला ती मुभा आहे, तेव्हा शिस्तीने, कुलपात आणि नोंदीसकट वापरू या.

पुढचं काम एन्फील्ड नंबर २. ही १९३२ साली आली, .३८ची, हलकी, वेब्लीच्याच आराखड्यावर. वेब्ली कंपनीने त्यावरून दावा केला आणि शेवटी तिला १,२५० पौंड मिळाले. माझ्याकडची मार्क १* आहे, घोड्याला अंगठ्याचं शेपूट नसलेली, म्हणजे फक्त चापानेच मारायची. मूळच्या २०० ग्रेनच्या गोळीचा साचा मागवला आहे. तो आला की वेब्लीच्या शेजारी तिचेही १५ यार्डांचे कागद लावतो. २०० ग्रेनची गोळी या नळीतून कुणी मारली असेल तर माशीच्या उंचीबद्दल लिहा, नवी पात कापण्याआधी ते कळायला हवं आहे.